रानडुकराचं निखाऱ्यावरचं मटण आतून गुलाबी राहिलं तर खाऊ का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून गडचिरोलीकडे मित्राच्या गावी चाललात, तिथे रात्री निखाऱ्यावर भाजलेलं रानडुकराचं मटण मिळणार आहे, आणि ते आतून थोडं गुलाबी राहिलं तर चालेल का.

नाही चालत, भाऊ. मी इकडेच एका तालुक्याच्या गावी रक्त-लघवी तपासते. गावातली जुनी माणसं डुक्कर असं खातच नाहीत. गंजात घालून चुलीवर दोन-दोन तास रटरटवतात, हाड सुटेपर्यंत. अर्धकच्चं खाणं पार्टीवाल्यांचं. गंज शिजेस्तोवर मांडीचे तुकडे निखाऱ्यावर टाकायचे आणि मोहाच्या दारूसोबत चाखणा म्हणून फिरवायचे. दारूनं, तिखटानं सगळं मरतं असं कोणीतरी छातीठोक सांगतंच. मरत नाही.

रानडुकराच्या मांसात ट्रायकिनेला नावाच्या जंताच्या अळ्या असू शकतात. फीतकृमीचे दाणे निदान साबुदाण्यासारखे दिसतात तरी, या अळ्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. उत्तराखंडात रानडुकराच्या मांसातून याची साथ येऊन गेली आहे. धूर देणं, वाळवणं, मीठ लावणं, कशाचाच भरवसा नाही. तुकडा आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला पोचला पाहिजे.

खाऊन झालंच असेल तर आधी जुलाब-पोटदुखी, मग आठ-पंधरा दिवसांनी ताप, सुजलेल्या पापण्या, अंगदुखी याकडे लक्ष ठेवा. मागे एक जण आला, पापण्या सुजून डोळे बारीक झालेले, रक्त घ्यायला हात सरळ करवेना. काचपट्टीवर जिकडेतिकडे नारिंगी दाण्यांच्या पेशी, म्हणजे इओसिनोफिल, जंत शिरले की वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी. शंभरात दोन-चार असाव्यात, तिथे तीसेक. काय खाल्लं विचारलं तर, "कोंबडी जी, दुसरं काई नाई." बायको मागून म्हणाली, "खोटं काहून सांगता?" पंधरा दिवसांआधी डुक्कर झालं होतं. जंत नक्की कोणता ते कळायची सोय आमच्याकडे नाही, नागपूरला पाठवलं.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानं विनापरवाना शिकार गुन्हा आहे, ते मांस जवळ ठेवणंही. म्हणून लोक लपवतात आणि टायफॉइडच्या गोळ्या चालू राहतात. तेवढ्यात अळ्या स्नायूत शिरतात. अल्बेंडाझोल हे जंताचं औषध, जंत आतड्यात असतानाच चांगलं लागू पडतं. तेव्हा डॉक्टरला खरं सांगा, तारखेसकट. आणि मित्राला म्हणा, गावठी कोंबडा कर.