बाबांना घराबाहेर कसं काढू?

प्रश्न : आई गेल्यापासून बाबा (वय ७४) घरातच बसून असतात. ज्येष्ठ नागरिक संघात चला म्हटलं, की ‘तिथे माझं कोण आहे?’ म्हणतात. काय करू?
– एक वाचक, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : ताई, माझे वडीलही अगदी हेच म्हणायचे. मग मी संघाचं नावच काढणं सोडलं. रोज सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर दोघं एक फेरी मारायचो, नंतर चहा. पंधरवड्यात तिथल्या एका काकांना बुद्धिबळाला जोडीदार मिळाला, तो आमच्या घरातला! संघात त्यांना त्या काकांनीच नेलं. आपलं माणूस सांगतं तेव्हा पटत नाही, समवयस्काचं पटतं. बाबा वाचत असतील, तर १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहेच. पुस्तक बदलायला त्यांनाच पाठवा. वर्गणी आधीच भरू नका. पहिला महिना मात्र तुम्ही सोबत जा.