दोन-चार फाइलच कायमच्या पुसायच्यात, अख्खा लॅपटॉप फॉरमॅट न करता, जमेल का?

तुम्ही विचारलंय की जुना लॅपटॉप पुतण्याला अभ्यासाला द्यायचाय, त्यात आईचे मेडिकल रिपोर्ट, होम लोनचे कागद आणि घरातल्या सगळ्यांच्या आधार-पॅनचे स्कॅन आहेत, तेवढंच उडवायचंय, विंडोज आणि बाकीचं आहे तसं राहू द्यायचंय, काही फाइल तर शिफ्ट डिलीट करून पण झाल्यात, मग आता झालं ना काम? नाही झालं हो. पण जमण्यासारखं आहे.

मी काही सायबर एक्स्पर्ट नाही, अकाउंट्सवाला माणूस, पण हे एकदा डोळ्यांनी बघितलंय. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डिंगसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक सेकंडहँड हार्डडिस्क आणली होती, ५०० जीबीची. लावली तर एकदम कोरी, फॉरमॅट मारलेली. रविवार, त्यात मेगाब्लॉक, कुठे जायचं नव्हतं म्हणून टाइमपास करत त्यावर फोटोरेक चालवलं, म्हणजे डिलीट झालेल्या फाइल शोधून काढणारा प्रोग्राम. हे फुकट मिळतं, काळ्या स्क्रीनवर चालतं, दिसायला भिकार पण काम चोख. संध्याकाळपर्यंत त्याने फोल्डरवर फोल्डर भरून ठेवले. फाइलची मूळ नावं गेलेली, नुसतं एफ आणि पुढे आकडे, पण उघडली की आतला माल शाबूत. कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो, सॅलरी स्लिपा, आणि एका मुलाचा लग्नाचा बायोडाटा, वर श्री गणेश प्रसन्न, खाली रास, गण, नाडी, मामांचं गाव, वडिलांचा मोबाइल नंबर आणि अपेक्षांमधे "मुंबईतच नोकरी करणारी". आता त्या बिचाऱ्याने विकताना फॉरमॅट मारलं होतंच की, त्याच्या हिशोबाने सगळं गेलं होतं.

होतं काय, डिलीट म्हणजे बिल्डिंगच्या खाली जो नावांचा बोर्ड असतो ना त्यावरचं नाव काढणं. वर खोलीत सामान तसंच पडलेलं असतं, नवीन भाडेकरू येऊन स्वतःचं सामान लावेपर्यंत ते तिथेच. रिसायकल बिन रिकामं करा नाहीतर शिफ्ट डिलीट मारा, दोन्हीत फक्त बोर्डच पुसला जातो. सामान घालवायचं तर त्याच जागेवर दुसरं काहीतरी लिहावं लागतं.

म्हणून पहिलं काम, लॅपटॉपमधे हार्डडिस्क (एचडीडी, आत तबकडी फिरते ती) आहे का एसएसडी (नुसत्या चिपवर साठवणारी) ते बघा, कारण दोघांचा इलाज वेगळा आहे आणि नेटवरचे निम्मे सल्ले हा फरक न सांगताच दिलेले असतात. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समधे डिस्कच्या खाली एचडीडी किंवा एसएसडी लिहिलेलं असतं.

जुना लॅपटॉप म्हणताय म्हणजे बहुतेक हार्डडिस्क असेल, मग सोपं आहे. ज्या फाइल अजून डिलीट केलेल्या नाहीत त्या डिलीट करूच नका, त्यांच्यावर थेट एसडिलीट किंवा इरेझर चालवा, हे फाइल कायमच्या पुसणारे प्रोग्राम. एसडिलीट मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर मिळतं, सिसइंटरनल्सच्या टूल्समधे, ते आधी फाइलच्या जागेवर कचरा लिहितं आणि मग नावसुद्धा सव्वीस वेळा बदलतं, सगळे ए, मग सगळे बी, असं झेडपर्यंत, म्हणजे "आईचा बायोप्सी रिपोर्ट" हे नाव पण मागे राहात नाही, नावातूनच अर्धी गोष्ट कळते ना. इरेझरला माउसने राइट क्लिक करून भागतं, कमांड लिहायला नको वाटत असेल तर ते घ्या. त्यात पस्तीस वेळा पुसायचा पर्याय दिसेल, गटमन नावाचा, तो घेऊन रात्रभर लॅपटॉप तापवू नका. पीटर गटमनने १९९६ मधे तो पेपर लिहिला तेव्हाच्या डिस्क वेगळ्या होत्या, आताच्या डिस्कला पस्तीस वेळा करण्यात अर्थ नाही असं नंतर त्यानेच सांगितलंय. हल्लीच्या हार्डडिस्कला एकदा नीट पुसलं तरी पुरतं.

आता ज्या आधीच शिफ्ट डिलीट झाल्या त्या तर एसडिलीटला दिसणारच नाहीत, त्यांच्यासाठी डिस्कवरची सगळी रिकामी जागा पुसायची. विंडोजमधेच सायफर नावाची कमांड आहे, कमांड प्रॉम्प्ट उघडून सायफर, स्पेस, स्लॅश, डब्ल्यू, कोलन आणि ड्राइव्हचं अक्षर. डब्ल्यूच हं, चुकून ई टाकलात तर ते पुसायच्या ऐवजी एन्क्रिप्ट, म्हणजे फाइल कुलूपबंद करायला घेतं. सायफर रिकाम्या जागेवर तीन फेऱ्या मारतं, शून्य, मग सगळे एक, मग रँडम, म्हणजे वेळ लागणारच. मी पहिल्यांदा केलं तेव्हा रात्री साडेअकराला कंटाळून मधेच बंद केलं आणि सकाळी बघतो तर ड्राइव्ह लालभडक, शंभर टक्के भरलेला. ते काम करताना एक तात्पुरतं फोल्डर बनवतं, नाव ईएफएस ने सुरू होणारं काहीतरी विचित्र, मधेच थांबवलं की ते तसंच राहतं. ते उडवलं की जागा परत मिळाली, पण बायकोचं लेक्चर ऐकावं लागलं कारण तिचं प्रेझेंटेशन सेव्हच होईना.

रिकामी जागा पुसायचं आणखी एक कारण म्हणजे वर्ड. वर्डमधे सेव्ह केलं की जुन्या फाइलवरच लिहिलं जातं असं नाही, नवी कॉपी बनते आणि जुनी मागे रिकाम्या जागेत पडते, म्हणजे लोनचा अर्ज दहादा सेव्ह केला असेल तर त्याचे जुने अवतार डिस्कभर पसरलेले असणार आणि तुम्ही पुसताय फक्त शेवटचा.

एसएसडी निघाली तर मात्र वरचं सगळं विसरा. तिथे तुम्ही सांगता बारा नंबरच्या खोलीत नवं सामान टाक, ती म्हणते टाकलं, पण प्रत्यक्षात टाकते सतरामधे आणि बाराची पाटी काढून सतरावर लावते, जुन्या खोलीला कुलूप आणि सामान आतच. एसएसडीचे सगळे सेल, म्हणजे साठवणीचे कप्पे, सारखे झिजावेत म्हणून तिच्यातला कंट्रोलर, म्हणजे ती चालवणारी चिप, असं करतो, त्यात वाईट काही नाही, पण ओव्हरराइट करून पुसणं बेभरवशाचं होतं. २०११ मधे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोच्या लोकांनी तपासून बघितलं तर एकेक फाइल पुसायच्या पद्धतींनी एसएसडीवर डेटा शिल्लक राहातच होता. ॲपलने तर २०१५ मधे एल कॅपिटनपासून सिक्युअर एम्प्टी ट्रॅश हे बटणच काढून टाकलं.

मग करायचं काय, तर साधं डिलीट करा आणि ट्रिम होऊ द्या. ट्रिम म्हणजे विंडोज एसएसडीला कळवतं की ही जागा आता नको. डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज उघडून एसएसडीवर ऑप्टिमाइझ दाबलं की तो निरोप सगळ्या रिकाम्या जागेसाठी परत जातो, त्यानंतर फोटोरेकसारख्याला सहसा काही मिळत नाही. डेटा काढणाऱ्या लॅबवाल्यांनाही अवघड करायचं असेल तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं अख्खा ड्राइव्ह एन्क्रिप्ट करणारं कुलूप, चालू करा, आणि तो विचारतो की फक्त वापरलेली जागा का पूर्ण ड्राइव्ह, तिथे पूर्ण ड्राइव्ह घ्या, नाहीतर डिलीट केलेलं तसंच उघडं राहतं. रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप अडलं तर उघडायचा लांबलचक नंबर, कागदावर लिहून ठेवा, पुतण्याच्या नाही, तुमच्या कपाटात.

पण एचडीडी असो नाहीतर एसएसडी, खरा घोळ कॉप्यांचा. आधारचा स्कॅन डाउनलोड्समधे असतो, डेस्कटॉपवर असतो, व्हॉट्सॲपवरून आलेला वेगळा, जीमेलच्या सेंटमधे वेगळा. वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स गुपचूप वर गेलेले असतात आणि तिथल्या रिसायकल बिनमधे ३० दिवस राहतात. फोटोंचे थंबनेल, म्हणजे विंडोजने साठवलेल्या छोट्या प्रतिमा, ते डिस्क क्लीनअपने काढा. सिस्टिम रिस्टोअरमधे जुन्या आवृत्त्या असतात, सिस्टिम प्रोटेक्शनमधे जाऊन रिस्टोअर पॉइंट डिलीट करा. हे सगळं आधी, आणि रिकामी जागा पुसणं किंवा ऑप्टिमाइझ सगळ्यात शेवटी, उलट केलंत तर दुसऱ्या रविवारी परत बसावं लागेल.

आणि हो, स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला आधारची फाइल मेल करून प्रिंट काढली असेल तर तिथे ना एसडिलीट ना सायफर, मी तरी तिकडे आता शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार देतो.

सगळं झालं की स्वतःच फोटोरेक चालवून बघा, फक्त सापडलेलं पेनड्राइव्हवर काढा, त्याच डिस्कवर नको. मी त्या लॅमिंग्टन रोडच्या डिस्कवर रात्रभर सायफर चालवलं आणि सकाळी परत तपासलं, बायोडाटा सापडला नाही. मुलाचं लग्न झालं का माहीत नाही.