आजीचं लुगडं लगेच धुऊ नकोस

आजीला जाऊन महिना झाला नाही आणि तुला तिच्यावर मोठं काहीतरी लिहायचंय. थांब जरा. आधी तिचं लुगडं धुवायला काढू नकोस. मी माझ्या आजीचं नऊवारी तेराव्याच्या आतच धुतलं; वास गेला तो गेलाच. त्याची गोधडी काय, सवडीने शिवता येते.

घाई आहे ती ओव्यांची. तिच्या बहिणी, जावा, शेजारणी आहेत तोवर जाऊन बस. "आठवतात का?" विचारलंस तर "छे गं" म्हणतील. तू मुद्दाम एखादी ओळ चुकीची म्हण, लगेच दुरुस्त करतील! फोनवर रेकॉर्ड कर आणि सांगणारीचं नाव, गाव, तारीखही त्यातच बोल. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हाँ या अभ्यासकांच्या गटाने जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, त्या अशाच बायकांकडून ऐकून.

तिच्या पाककृती लिहिशील तेव्हा "अंदाजाने" लिहू नकोस. तिची वाटी शोध, तिच्यात किती मिली पाणी मावतं ते मोज.

आजोबा हयात असतील तर भाद्रपद वद्य नवमी, म्हणजे अविधवा नवमी, तिच्या श्राद्धाची. आम्ही पानाशेजारी बशीत चहा ठेवतो. भटजी काही बोलत नाहीत.