बॅटरी ४,२०० रुपयांची घ्या, पण आधी आरडी मोडा

वाचकाचे पत्र : माझे वय ४१. अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो, महिन्याला ६२,००० रुपये हातात येतात. पत्नी गृहिणी, मुलगी सातवीत. नऊ वर्षांची छोटी पेट्रोल गाडी आहे, ती बहुधा रविवारीच बाहेर निघते. या थंडीत तिची बॅटरी बसली. कंपनीच्या वर्कशॉपने नव्या बॅटरीचे ५,८०० रुपये सांगितले. द्वारका चौकाजवळचा दुकानदार नामांकित कंपनीची बॅटरी, जुनी बदलून घेऊन, ४,२०० रुपयांना देतो आणि '२४ अधिक २४ महिने' वॉरंटी सांगतो. वर्षभराच्या वॉरंटीची लोकल बॅटरी २,८०० रुपयांत मिळते. मागची अशीच २,६०० रुपयांची होती, ती २२ महिने चालली. रोख पैशांची अडचण असल्याने क्रेडिट कार्डावर सहा महिन्यांचा ईएमआय करावा का? कार्डावर सुमारे ८०,००० रुपये थकले आहेत, पण मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरायची रक्कम) मी कधीच चुकवत नाही. आरडीत (दरमहाच्या आवर्ती ठेवीत) ६०,००० रुपये जमले आहेत, परंतु ते मार्चमधील विम्याच्या एक लाखाच्या हप्त्यासाठी राखून ठेवले आहेत. बँकेतील अधिकाऱ्याने कर वाचवण्यासाठी ही पॉलिसी दिली होती. दहापैकी चार हप्ते भरून झाले आहेत, विसाव्या वर्षी दामदुप्पट म्हणजे २० लाख मिळतील. तरी कोणती बॅटरी घ्यावी?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : बॅटरी ४,२०० रुपयांची घ्यावी. लोकल बॅटरीचा हिशेब आपणच पत्रात करून ठेवला आहे : २,६०० रुपयांत २२ महिने, म्हणजे महिन्याला सुमारे १२० रुपये. नामांकित कंपनीची बॅटरी चार वर्षे चालली तर महिन्याला ९० रुपयांच्या आसपास खर्च येतो. मात्र '२४ अधिक २४' याचा अर्थ ४८ महिन्यांची वॉरंटी असा घेऊ नये. पहिल्या २४ महिन्यांत बिघाड झाल्यास बॅटरी फुकट बदलून मिळते. नंतरच्या २४ महिन्यांत नव्या बॅटरीच्या छापील किमतीवर काही टक्के सूट मिळते, आणि छापील किमतीवर सूट तर दुकानदार कोणालाही देतच असतो. त्यामुळे पहिला आकडा खरा मानावा आणि दुसरा सोडून द्यावा. तसे केले तरी वॉरंटीच्या काळाचा खर्च महिन्याला १७५ रुपये येतो, तर २,८०० रुपयांच्या बॅटरीचा २३० रुपये.

वर्कशॉपच्या ५,८०० रुपयांत आपल्याला अधिक काही मिळत नाही, कारण नऊ वर्षांच्या गाडीची स्वतःची वॉरंटी केव्हाच संपलेली आहे. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून बॅटरीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दरपत्रकावरून कोणी भाव सांगत असेल तर तसे विचारावे. घेताना पक्के बिल, वॉरंटी कार्डावर अनुक्रमांक आणि अलीकडची उत्पादन तारीख पाहावी, अ‍ॅम्पिअर आणि धन टोकाची बाजू जुन्या बॅटरीप्रमाणेच असावी. पैसे देण्यापूर्वी दुकानदाराकडून गाडीचे चार्जिंग तपासून घ्यावे : इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरच नीट चालत नसेल किंवा नंतर बसवलेली म्युझिक सिस्टिम गाडी उभी असतानाही वीज खात असेल, तर नवी बॅटरीही लवकर बसेल. गाडी आठवड्यातून एकदाच निघत असेल तर मधल्या वारी अर्धा तास चालवावी. कॉलेज रोडच्या दुकानापर्यंत जाऊन परत येण्याने सेल्फ मारताना खर्च झालेली वीजही धड भरून निघत नाही.

आपला प्रश्न येथे संपला, पण पत्र वाचताना माझे लक्ष बॅटरीवर नव्हतेच.

'मिनिमम ड्यू कधीच चुकवत नाही' हे वाक्य आपण अभिमानाने लिहिले आहे. कार्डावरील व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असते आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. ८०,००० रुपयांवर २,८०० रुपये व्याज आणि वर ५०० रुपये कर, म्हणजे महिन्याला ३,३०० रुपये. आपण मिनिमम म्हणून पाच टक्क्यांप्रमाणे ४,००० रुपये भरत असाल, तर त्यांतले जेमतेम ७०० रुपये मुद्दलात जातात. वर्षाला ४०,००० रुपये, अर्थात दर पाच-सहा आठवड्यांना एक नवी नामांकित बॅटरी, आपण बँकेला देत आहात. थकबाकी असलेल्या कार्डावर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, आणि ईएमआय केला तर प्रक्रिया शुल्क व व्याजावरचा जीएसटी लागून त्याचा हप्ता मिनिमम ड्यूमध्ये जमा होतो. तेव्हा ईएमआयचा विचार सोडून द्यावा.

याच वेळी आरडीत ६०,००० रुपये पडून आहेत आणि त्यांवर महिन्याला फार तर तीनशे रुपये व्याज सुटते. एका हाताने तीनशे घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने तेहतीसशे द्यायचे, आणि याला रोख पैशांची अडचण म्हणायचे! अडचण पैशांची नाही, ते पैसे कोणासाठी राखून ठेवले आहेत याची आहे. आरडी या आठवड्यात मोडावी. मुदतीपूर्वी मोडल्याने व्याज थोडे कमी मिळेल, त्याची चिंता करू नये. त्यांतून बॅटरी घ्यावी आणि ५५,००० रुपये कार्डावर भरावेत. उरलेल्या २५,००० साठी आरडीचा साडेआठ हजारांचा मासिक हप्ता आणि मिनिममचे चार हजार एकत्र करून दरमहा साडेबारा हजार भरले, तर दोन-अडीच महिन्यांत कार्ड कोरे होते. तोपर्यंत त्यावर काहीही खरेदी करू नये.

मग मार्चचा हप्ता कोठून भरायचा, असे आपण विचाराल. तो भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पॉलिसी कर वाचवण्यासाठी घेतली, असे आपण लिहिता. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर रिबेटमुळे कर लागत नाही, शिवाय पगारदारांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट आहे. आपले उत्पन्न या मर्यादेच्या बरेच आत आहे. जो कर आपल्याला लागतच नाही, तो वाचवण्यासाठी वर्षाला एक लाख रुपये भरण्याचे कारण उरलेले नाही.

'दामदुप्पट' या शब्दाला तर मी कंटाळलो आहे. दहा वर्षे एक-एक लाख भरून विसाव्या वर्षी २० लाख मिळाले, तर परतावा वर्षाला जेमतेम साडेचार टक्के पडतो. तेच हप्ते पीपीएफमध्ये (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत), आजच्या ७.१ टक्के दराने, पंधरा वर्षे आणि पुढे पाच वर्षांची वाढ अशा काळात ठेवले असते तर सुमारे २९ लाख झाले असते. त्यातही २० लाखांची हमी नाही. आपण सही केलेल्या तक्त्यात आठ टक्के आणि चार टक्के अशा दोन गृहीत दरांचे दोन रकाने असतील. विकणाऱ्याने आठचा रकाना वाचून दाखवला, चारच्या रकान्यातील आकडा १३ लाखांच्या आसपास असावा. तो आज रात्री काढून वाचावा.

चार लाख भरून झाले, ते पूर्ण परत येणार नाहीत, म्हणून हिशेब आजपासून पुढचाच करावा. चार वर्षांनंतर पॉलिसी मध्येच बंद (सरेंडर) केल्यास भरलेल्या हप्त्यांच्या साधारण निम्मी, म्हणजे दोन लाख, किमान सरेंडर रक्कम मिळायला हवी. कंपनीची विशेष सरेंडर रक्कम यापेक्षा अधिक असू शकते. हे दोन लाख आणि उरलेल्या सहा हप्त्यांतील ऐंशी-ऐंशी हजार पीपीएफमध्ये घातले, तर सोळा वर्षांनी १८ लाखांच्या घरात जातात. पॉलिसी चालू ठेवली तर १३ ते २० लाखांमधले काहीतरी मिळेल. म्हणजे चालू ठेवण्याने सर्वनाश होईल असे मी म्हणत नाही. विक्रेत्याचा वरचा आकडा खरा ठरला तर दोन लाख अधिकच मिळतील.

परंतु हप्त्यातले २०,००० रुपये मी बाजूला काढले, त्याचे कारण आपल्या पत्रातली सर्वांत मोठी चूक हेच आहे. या पॉलिसीचे विमा संरक्षण दहा लाख, म्हणजे आपला सोळा महिन्यांचा पगार. मुलगी सातवीत आहे आणि घरात कमावणारे आपण एकटे. वर्षाला एक लाख भरूनही आपण जवळजवळ विम्याविना आहात. एक कोटीचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा), साठाव्या वर्षापर्यंत, आपल्या वयाच्या व्यसन नसलेल्या निरोगी व्यक्तीला साधारण वीस-बावीस हजारांत मिळतो, आणि बॅटरीवरचा कर कमी झाला त्याच दिवसापासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी शून्य आहे.

क्रम मात्र चुकवू नये. आधी टर्म विम्याचा अर्ज करावा, वैद्यकीय तपासणी होऊन पॉलिसी हातात पडावी, आणि मगच जुनी सरेंडर करावी. तपासणीत काही निघाले तर दहा लाखांचे संरक्षणही हातचे जायला नको. दरम्यान विमा कंपनीकडून सरेंडर आणि पेड-अप (पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवणे) या दोन्ही रकमा लेखी मागवाव्यात. पेड-अप केल्यास आजचे काही न घेता सोळा वर्षांनी चार लाख आणि जमा बोनस मिळेल. दोन लाखांचे पीपीएफमध्ये तेवढ्याच काळात सुमारे सहा लाख होतात. बोनस धरूनही पेड-अपचा आकडा सहा लाखांच्या खाली राहत असेल तर सरेंडर करावे. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखांची मर्यादा आहे, म्हणून ही रक्कम तीन-चार वर्षांत विभागून टाकावी. तोपर्यंत ती मुदत ठेवीत राहू द्यावी, अडीअडचणीचा निधी म्हणूनही ती उपयोगी पडेल.

सरेंडरचा अर्ज दिल्यावर बँकेतून फोन येईल आणि नुकसान भरून काढणारी एखादी नवी योजना सुचवली जाईल. फोनवर काहीही कबूल करू नये. कोठे सही झालीच, तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, आणि त्या मुदतीतच करावी.