पाना लावण्याआधी

प्रश्न : मॅडम, मी मुलुंडला राहतो. माझी २०१७ची डिझेल गाडी आहे, १ लाख १० हजार किलोमीटर झालेत. कूलंट सारखं कमी होत होतं म्हणून महिन्यापूर्वी भांडुपच्या एका गॅरेजात दिली. त्यांनी इंजिनाचं हेड (वरचा भाग) उतरवून त्याखालचं गॅस्केट (गळती अडवणारी चकती) बदललं, टायमिंग बेल्टही (इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा) नवा टाकला. ४२ हजार घेतले. त्यातले ३० हजार यूपीआयने दिले, १२ हजार रोख. बिल म्हणून डायरीचं फाडलेलं पान मिळालं. गाडी ताब्यात घेतली त्याच संध्याकाळपासून ती ओढत नाही. घोडबंदरला गायमुखच्या चढावर दुसऱ्या गिअरवर यावं लागतं आणि मागे काळा धूर. गॅरेजवाला म्हणतो, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) गेलाय, आमच्या कामाशी संबंध नाही, ५५ हजार लागतील. आमच्या सोसायटीजवळचा मेकॅनिक म्हणतो, बेल्ट एक दात चुकवून बसवलाय, ४ हजारांत करून देतो. त्याच्याकडून काम करून घेऊन आधीच्याकडून पैसे वसूल करता येतील का?

उत्तर : वसूल करता येतील, पण या क्रमाने नाही. त्या मेकॅनिकला आजच फोन करून सांगा, अजून पाना लावू नकोस. त्याचं निदान बरोबर असेलही. पण त्याने बेल्ट काढून चाकांवरच्या खुणा जुळवल्या की गाडी सुधारेल आणि तुमचा पुरावा त्याच क्षणी नाहीसा होईल. मग गॅरेजवाला शांतपणे सांगणार, ‘आमच्याकडून नेली तेव्हा ठीक होती, नंतर कोणीतरी हात घातला.’ त्यावर तुमच्याकडे उत्तर काय?

सेवेत कसूर झाली हे सिद्ध करायची जबाबदारी तक्रारदाराची असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं आहे. कामानंतर बिघडली एवढ्यावर भागत नाही, कामामुळे बिघडली हे दाखवावं लागतं. गाड्यांच्या तक्रारी बहुतेक इथेच आपटतात.

मी वकील आहे, मेकॅनिक नाही, पण अशा फायली चाळून चाळून इंजिनाची थोडीफार ओळख झाली आहे. तुमच्या गाडीबाबत तीन संशयित दिसतात. पहिला म्हणजे हवेचा पाइप. हेड उतरवताना इंटरकूलरकडून (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारी जाळी) येणारे पाइप काढावे लागतात. परत बसवताना एखादी क्लिप नीट आवळली नाही, तर टर्बोने दाबलेली हवा वाटेतच निसटते. डिझेल मात्र आधीच्याच हिशेबाने जातं, म्हणून ताकद कमी आणि धूर काळा. गंमत अशी की स्कॅनर (गाडीने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावला तर पी ०२९९, म्हणजे ‘टर्बोचा दाब कमी’ असा कोड येऊ शकतो, आणि तो वाचून टर्बोलाच फाशी दिली जाते. दुसरा संशयित तुमच्या मेकॅनिकने सांगितलेला, चुकलेला दात. तिथे क्रँक (पिस्टनला जोडलेला दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ बसत नसल्याचा पी ००१६ यायची शक्यता असते. तिसरा खुद्द टर्बो. लाखाच्या वर चाललेल्या गाडीत तो खरोखर झिजलेला असू शकतो. तसं निघालं तर गॅरेजवाल्यावर दावा लावू नका, हरायची वेळ येईल.

म्हणून आधी त्रयस्थाकडून तपासणी. विमा नियामकाचा परवाना असलेला मोटार सर्व्हेअर गाठा, किंवा गाडीच्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये फक्त निदानासाठी जॉब कार्ड (कामाची लेखी नोंद) उघडा. स्कॅनरमधले कोड पुसायच्या आधी त्यांची छापील प्रत घ्या. कोड पडला त्या क्षणी इंजिन किती फेऱ्यांवर होतं, भार किती होता याची नोंद गाडीत असते. कोड पुसले की तीही जाते, त्यामुळे तोवर बॅटरीची वायरही काढू देऊ नका. मग पाइप तपासायचे आणि शेवटी टायमिंगचं कव्हर. कव्हर उघडल्यावर खुणा कुठे आहेत याचे फोटो काढा. एका फोटोत नंबर प्लेट आणि मीटरचं रीडिंग येऊ द्या, नाहीतर ‘हे कुठल्या गाडीचं?’ हा प्रश्न येतोच.

या तपासणीला गॅरेजवाल्याला बोलवा. तो बहुधा येणार नाही, पण बोलावल्याची नोंद हवी. व्हॉट्सअॅपवर एवढं पुरे : ‘तुम्ही हेड गॅस्केट व टायमिंग बेल्ट बदलल्यापासून गाडीची ताकद कमी झाली आहे. अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक ठिकाणी तपासणी आहे. आपण किंवा आपला माणूस हजर राहावा. न आल्यास तपासणी होईल व तिचा अहवाल आपल्याला पाठवला जाईल.’ हाच मजकूर स्पीड पोस्टनेही पाठवा. ‘चोर’, ‘लुटारू’ वगैरे शब्द मनातच ठेवा, गूगलच्या रिव्ह्यूमध्येही नकोत.

अहवाल हातात आला की दुरुस्ती खुशाल करून घ्या. खटला संपेपर्यंत गाडी धूळ खात ठेवायची गरज नाही. उलट करार कायद्याच्या कलम ७३चं स्पष्टीकरण असं की, नुकसान कमी करायचे जे मार्ग हाताशी होते तेही भरपाई ठरवताना पाहिले जातात. ४ हजारांत होणारं काम अडवून तुम्ही वर्षभर ओला-उबरची बिलं जमवलीत तर ती सगळी मिळणार नाहीत. काढलेला बेल्ट मात्र पिशवीत घालून ठेवा.

डायरीच्या पानाची चिंता करू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेचं रीतसर बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, म्हणजे तो तुमच्या तक्रारीतला आणखी एक मुद्दा झाला. ३० हजारांची यूपीआयची नोंद बँकेच्या स्टेटमेंटवर आहेच. १२ हजार रोख दिल्याचं डायरीच्या पानावर किंवा व्हॉट्सअॅपच्या बोलण्यात कुठे दिसतं का बघा. नसेल तर तेवढ्या रकमेवर तुमची बाजू लंगडी राहील. चॅटचे स्क्रीनशॉट देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याचा कायदा) कलम ६३चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोगात पुराव्याचे नियम काटेकोरपणे लावत नाहीत, तरी समोरच्या वकिलाला बोट ठेवायला जागा कशाला द्यायची?

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा, कधी कधी तेवढ्यानेच गॅरेजवाला फोन करतो. नाही केला तर पंधरा दिवसांची नोटीस, आणि मग वांद्र्याच्या उपनगर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. तुम्ही राहता तिथेच ती करता येते, ऑनलाइन ई-जागृती या सरकारी पोर्टलवरही. सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही, हे मी माझ्या पोटावर पाय देऊन सांगते आहे. मागणी माफक ठेवा : चुकलेल्या कामाची मजुरी, ती चूक सुधारायचा खर्च, सर्व्हेअरची फी, त्या काळातली प्रवासाची बिलं आणि त्रासाबद्दल काही रक्कम. पूर्ण ४२ हजार मागू नका, कारण गॅस्केट बहुधा नीटच बसलं आहे. कूलंट आता कमी होत नसेल, तर ते काम झालं हे तुम्हालाही मान्य करावं लागेल. पोलिसात जाऊ नका, हा दिवाणी मामला आहे.

गाडी पुन्हा त्याच गॅरेजात ‘बघायला’ सोडू नका. केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा हक्क करार कायद्याच्या कलम १७०ने कारागिराला दिला आहे. आधीचे ४२ हजार तुम्ही चुकते केलेत, त्यामुळे त्यांच्यासाठी तो गाडी अडवू शकत नाही. पण टर्बो खोलून ठेवला की ‘खोलायची मजुरी’ नावाचा नवा वाद उभा राहतो.

आणि तपासणी होईपर्यंत गाडी सोसायटीतच उभी राहू द्या. बेल्ट खरंच एक दात चुकला असेल आणि उद्या चढावर आणखी एखादा सुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मग ४ हजारांचं काम पाऊण लाखावर जाईल आणि गॅरेजवाला विचारेल, दोष माहीत असून चालवली कोणी?