स्कॅन तळपायापर्यंत घेणारी माणसं

प्रिय ऋतुजा,

तुझं पत्र मिळालं. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून त्यातलं थोडं आधी सांगते. ऋतुजा डोंबिवलीला १२वी सायन्सला आहे, पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायो घेऊन. तिच्या काकांची हाडं वयाच्या ३८व्या वर्षापासून दुखायला लागली. आधी कंबर, मग बरगड्या, मग मांड्यांतली ताकदच गेली. स्टेशनचा पूल चढवेना, नोकरी सुटली. ५ वर्षांत कुणी मणक्याचं दुखणं म्हटलं, कुणी व्हिटॅमिन डी कमी आहे म्हटलं, एकाने तर मनाचा आजार समजून गोळ्या दिल्या. शेवटी परळच्या एका रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरने जुन्या रिपोर्टांची फाइल उलगडली आणि फॉस्फरसच्या आकड्यावर बोट ठेवलं. तो आकडा २ वर्षांपासून कमी होता. मग एक वेगळा पेट स्कॅन, म्हणजे किरणोत्सर्गी औषध टोचून शरीराच्या आतलं चित्र घेणारी तपासणी झाली, टाचेत हरभऱ्याएवढी गाठ सापडली, ती काढली, आणि आज काका पिशवी घेऊन भाजी आणायला जातात.

पुढे तू लिहितेस, ‘मॅडम, स्क्रीनवर तो काळा ठिपका पाहिला तेव्हाच ठरवलं, मला हेच करायचं आहे. पण हेच म्हणजे नक्की काय, ते मला सांगता येत नाही.’

अख्ख्या पत्रात मला हे वाक्य सगळ्यात मोलाचं वाटलं. तू डॉक्टर व्हायचंय असं लिहिलं नाहीस, मशीन चालवायचंय असंही नाही. म्हणून कोर्सची यादी बाजूला ठेवू आणि आधी काकांच्या त्या ठिपक्यामागे कोण कोण उभं होतं ते बघू.

पहिला अर्थातच तो फाइल उलगडणारा डॉक्टर. काकांच्या आजाराला ट्यूमर इंड्यूस्ड ऑस्टिओमलेशिया म्हणतात. शरीरात कुठेतरी एक बारीकशी, बहुधा साधीच, कॅन्सरची नसलेली गाठ असते. ती एफजीएफ-२३ नावाचं संप्रेरक भरमसाट सोडते, त्यामुळे मूत्रपिंडं फॉस्फेट लघवीतून बाहेर टाकत राहतात आणि हाडं मऊ पडतात. मोठ्या माणसाच्या रक्तात फॉस्फरस दर १०० मिलिलिटरला साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम असायला हवा. ही तपासणी अगदी साधी आणि स्वस्त आहे. तो आकडा कुणी मनावर घेतला नसता तर पेट स्कॅनचं मशीन तिथेच असूनही काकांच्या काही कामाचं नव्हतं. दुर्मीळ आजारात इमेजिंगची, म्हणजे शरीराच्या आतली चित्रं घेण्याची सुरुवात अशी मशीनच्या कितीतरी आधी होते.

दुसरा माणूस तुला दिसला नसेल. नेहमीच्या पेट स्कॅनला साखरेसारखं औषध देतात. काकांच्या गाठीसाठी गॅलियम-६८ हा किरणोत्सर्गी पदार्थ लावलेलं डोटाटेटसारखं औषध लागतं, कारण या गाठींच्या पेशींवर जे रिसेप्टर, म्हणजे औषध पकडणाऱ्या जागा असतात, त्यांना ते जाऊन चिकटतं. गॅलियम-६८ दर ६८ मिनिटांनी निम्मं होतं, म्हणजे लांबून कुरिअरने मागवून चालत नाही. रुग्णालयातच जर्मेनियमचा जनरेटर असतो; हा विजेचा नव्हे, त्यातल्या जर्मेनियमपासून गॅलियम बनत राहतं आणि ते रोज ताजं काढतात. या क्षेत्रातली माणसं त्याला जनरेटर ‘दुहणं’ म्हणतात. सकाळी शिशाच्या आडोशामागे उभं राहून कुणीतरी ते दुहिलं, औषधाला जोडलं, शुद्धता तपासली आणि वेळेत पोचवलं. तो रेडिओफार्मसीचा माणूस, रसायनशास्त्रातून किंवा फार्मसीतून आलेला.

तिसरी व्यक्ती टेक्नॉलॉजिस्ट. घरचे म्हणतात ना, ‘टेक्निशियन होऊन काय करणार?’ म्हणून इथे जरा थांबते. नेहमीचा पेट स्कॅन कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंतच घेतात. बहुतेक कॅन्सरना तेवढं पुरतं. या आजारातल्या गाठी मात्र पुष्कळदा पायात, पावलात, कधी बोटातही लपलेल्या असतात. त्यामुळे डोक्यापासून तळपायापर्यंत घ्यावं लागतं, हातही चौकटीच्या आत यावे लागतात. माझी एक जुनी विद्यार्थिनी हे काम करते. तिच्या कन्सोलमागे मी एकदा दुपारभर बसले होते. काचेपलीकडे एक आजी टेबलावर होत्या, गारठ्याने आणि भीतीने सारख्या हलत होत्या. ती उठून आत गेली, गुडघ्यांखाली उशी सरकवली, दोन्ही पावलं पट्ट्याने हलकेच एकत्र बांधली, चादर नीट केली आणि म्हणाली, ‘आजी, आता अर्धा तास देवघरात बसल्यासारखं बसायचं.’ आजी शेवटपर्यंत हलल्या नाहीत. तुझ्या काकांची टाच अशाच कुणीतरी चौकटीत घेतली होती. त्या दिवशी सवयीने मांडीपाशीच स्कॅन थांबला असता तर रिपोर्ट नॉर्मल आला असता.

चौथा, चित्र वाचणारा. तुला एकच ठिपका दिसला, कारण तोवर कुणीतरी तो दाखवला होता. मूळ चित्रात प्लीहा, मूत्रपिंडं, मूत्राशय सगळंच काळं दिसतं आणि ते तसंच दिसायला हवं. शिवाय अशा रुग्णाच्या हाडांना बारीक बारीक भेगा गेलेल्या असतात, त्यासुद्धा फिकट उमटतात. बरगडीवरच्या चार पुसट डागांना फसायचं नाही आणि टाचेतला एक सोडायचा नाही, हे न्यूक्लिअर मेडिसिनच्या, म्हणजे किरणोत्सर्गी औषधांनी निदान आणि उपचार करणाऱ्या शाखेच्या डॉक्टरचं काम.

उपचारातही इमेजिंगचा हात असतो. काकांची गाठ कापण्यासारख्या जागी होती. तशी नसती तर सीटीत बघत बघत सुई नेऊन ती जाळताही येते. बड-किआरी या आजारात यकृताच्या रक्तवाहिन्या तुंबतात. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट मानेतल्या नाहीतर मांडीतल्या शिरेतून तार नेतो आणि फुग्याने, स्टेंटने वाट मोकळी करतो. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरमध्ये, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या गाठींमध्ये तर ज्या औषधाने गाठ दिसते त्यालाच गॅलियमऐवजी ल्युटेशियम-१७७ जोडून तीच गाठ आतून मारतात. हे ल्युटेशियम आपल्याच ट्रॉम्ब्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं आणि परळला बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये रुग्णांना दिलं जातं. हे सेंटर १९६३ पासून आहे, आणि देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन, म्हणजे पेट स्कॅनचे किरणोत्सर्गी पदार्थ बनवणारं यंत्र, २००२ साली तिथेच बसला. डोंबिवलीहून लोकलने तासाभराच्या अंतरावर हे चालतं, हे मुंबईतल्या मुलांना माहीतच नसतं याची मला खंत आहे.

आता तुझं ‘हेच’. यातल्या कुणाच्या जागी स्वतःला बघताना तुला बरं वाटतं? ‘हे असं का?’ म्हणून फाइल उलटण्यात, चित्र वाचण्यात, आजींची पावलं नीट ठेवण्यात, की प्रयोगशाळेत? उत्तर आज नको. पण वाट त्यावर ठरते, मार्कांवर नंतर.

चित्र वाचायचं असेल तर नीटला पर्याय नाही. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग नीट पीजी आणि ३ वर्षं एमडी, रेडिओडायग्नोसिसमध्ये (म्हणजेच रेडिओलॉजीत) किंवा न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये. रेडिओलॉजीच्या जागा वरच्या रँकवाले आधी उचलतात. न्यूक्लिअर मेडिसिन ही वेगळी शाखा आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसतं, तुला ते आत्ताच कळलंय. पहिल्यांदा जमलं नाही तर एकदा रिपीट कर, तेही मार्क कुठे गेले हे नेमकं सांगता येत असेल तरच. दुसऱ्यांदा रिपीट करायला मी नाही म्हणेन. रिपीटरच्या बॅचमध्ये ३ वर्षं घालवून हिंमत हरलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत.

टेक्नॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा रेडिओग्राफीतला बीपीएमटी हा पॅरामेडिकल पदवी कोर्स आहे. बीएस्सी करून पुढे न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजीकडेही वळता येतं, त्याचं शिक्षण परळच्या त्याच सेंटरमध्ये मिळतं. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे बाबांना आधीच सांगून ठेव. २०२१ च्या कायद्याने या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला असून नियम बदलताहेत, तेव्हा प्रवेशाच्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाच, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. आणि स्टेशनबाहेर ‘सहा महिन्यांत एक्स-रे टेक्निशियन, नोकरीची १०० टक्के हमी’ असे बोर्ड दिसतात, त्या जिन्याची पायरीसुद्धा चढू नकोस.

तू लिहिलंयस, मॅथ्स सोडून बायोवर जोर द्यावा असं क्लासचे सर म्हणतात. माझं ऐकशील तर सोडू नकोस. तुझ्या पत्रात मला फिजिक्सची ओढ दिसली; रेडिएशन शरीरातून जातं तेव्हा नक्की काय होतं, हे तू दोनदा विचारलंयस. एमएस्सी फिजिक्सनंतर बीएआरसीचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा करून मेडिकल फिजिसिस्ट होता येतं. रुग्णाला किती डोस, मशीन बरोबर आहे का, कर्मचारी सुरक्षित आहेत का, ही जबाबदारी त्याची. मॅथ्स आत्ता सोडलंस तर हा दरवाजा जवळजवळ बंदच.

आईंना किरणांची काळजी वाटते, तुझ्या लग्नाची, मुलाबाळांची. ती खोटी नाही. आई, एमआरआय आणि सोनोग्राफीत असली किरणं नसतातच. जिथे असतात तिथे प्रत्येकाच्या छातीवर किरणं मोजणारा बॅज असतो आणि तो ठरावीक काळाने तपासला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक), कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. गरोदरपणी कळवलं की काम बदलून मिळतं आणि बाळासाठी मर्यादा फार खाली आणली जाते. नियम पाळणाऱ्या जागी काम करणाऱ्या, मुलंबाळं असलेल्या कितीतरी बायका मला माहीत आहेत. बॅजशिवाय काम करायला लावतील अशा ठिकाणी मात्र एक दिवसही थांबायचं नाही.

बाबा म्हणतात, एआय आल्यावर रेडिओलॉजिस्ट हवेत कशाला? नेहमीच्या एक्स-रेंच्या वाचनात एआयची मदत वाढणार, त्यात शंका नाही. पण ते शिकतं ढीगभर चित्रांवरून, आणि दुर्मीळ आजारांची चित्रंच मुळात थोडी. शिवाय स्कॅन तळपायापर्यंत घ्या, हे आधी कुणाला तरी सुचावं लागतं.

एक गोष्ट मात्र मनाशी धर. ‘दुर्मीळ आजारांचं इमेजिंग’ नावाचा सरळ कोर्स शोधत बसू नकोस. विल्सन्स डिसीजमध्ये शरीरात तांबं साठतं. काही रुग्णांच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या मधल्या भागात पांडाच्या तोंडासारखी आकृती दिसते. तो पांडा ओळखता आला तर हस्ताक्षर बिघडलेलं, जीभ अडखळणारं पोर औषधांनी सावरू शकतं. पण हजारो साधे, नॉर्मल मेंदू ज्याने बघितलेत त्यालाच तो पांडा उठून दिसतो. पहिली काही वर्षं फ्रॅक्चर, न्यूमोनिया आणि मुतखडेच बघायचे आहेत. त्याचा कंटाळा येणार असेल तर हे क्षेत्र तुझं नाही. पुढे मुंबईत वाव आहे. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखाली परळचं केईएम रुग्णालय हे उत्कृष्टता केंद्र आहे, आणि काकांच्या आजारावर तिथल्या एन्डोक्रायनॉलॉजी (संप्रेरकांच्या आजारांच्या) विभागाने शोधनिबंधही प्रसिद्ध केले आहेत.

बोर्डाची परीक्षा होईपर्यंत यातलं काही करू नकोस. मग काकांची ५ वर्षांची फाइल घे आणि तारखांप्रमाणे वहीत उतरव: कोणती तपासणी कधी झाली, त्यात काय दिसलं, काय दिसूनही राहून गेलं. काकांची परवानगी आधी घे, फाइल त्यांची आहे. हे करताना तुझा वेळ कुठे गेला, कोणत्या पानावर तू अडलीस, ते मला कळव. त्यावरून पुढचं बोलू. भेटायला येशील तेव्हा आईबाबांना घेऊन ये, आणि जमलं तर काकांनाही. रेल्वेचा पूल चढून आलेले मला बघायचेत.

तुझी,
मार्गदर्शक मॅडम