शीटमध्ये लिंका टाकताना

तापकीर गल्लीतल्या त्या दुकानाची मालयादी शीट्स एपीआयने, म्हणजे कोडमधून शीट हाताळायच्या गूगलच्या सोयीने, गूगल शीटवर चढवायचं काम तू घेतलंयस, छान. पण आधी शीट तुझ्या सर्व्हिस अकाउंटच्या (तुझा कोड ज्या खात्याने लॉगिन करतो, त्याच्या) ईमेलशी शेअर कर, एडिटर म्हणून. हे विसरलास की ४०३, म्हणजे 'परवानगी नाही' असा एरर येतो आणि माणूस उगाच कोड चाळत बसतो.

आता लिंक. साधा मार्ग म्हणजे सेलमध्ये हायपरलिंकचं सूत्र लिहायचं: आधी पत्ता, मग दिसायचा मजकूर. इथेच नवखे अडखळतात. दिलेला मजकूर शीटने कसा घ्यायचा हे ठरवणारा व्हॅल्यू इनपुट ऑप्शन 'रॉ' ठेवलास तर सूत्र चालत नाही, बरोबरच्या चिन्हासकट जसंच्या तसं छापून येतं. 'यूझर एंटर्ड' हवं, म्हणजे हाताने टाइप केल्यासारखं. मी यात अख्खी दुपार घालवली होती, कोथरूडच्या घरी, वीज गेलेली, लॅपटॉप शेवटच्या घटका मोजत.

एका सेलात दोन लिंका हव्यात, म्हणजे माहितीपत्रक आणि फोटो? मग सूत्र पुरत नाही. बॅच अपडेटमधून (अनेक बदल एकत्र पाठवायची विनंती) टेक्स्ट फॉरमॅट रन्स दे, म्हणजे मजकुराच्या तुकड्यातुकड्याला वेगळी लिंक. प्रत्येक तुकडा कितव्या अक्षरापासून सुरू होतो ते सांगायचं, मोजणी शून्यापासून. पुढचा तुकडा दिला नाहीस तर लिंक शेवटपर्यंत पसरते. सेलमधलं 'हायपरलिंक' फील्ड मात्र फक्त वाचायला असतं, त्यात लिहायच्या नादी लागू नकोस.

आणि दर ओळीला वेगळी विनंती? अजिबात नको. एका वापरकर्त्याला मिनिटाला ६० लेखन-विनंत्या, मग ४२९, म्हणजे 'फार विनंत्या झाल्या' असा एरर. पाचशे ओळी एकाच विनंतीत जातात की रे!